एक मिनिट खोलीचा आवाज

१४ जुलै, रविवार. हातात काम होतं अण्णांचा लॅपटॉप रिकामा करायचं. सोमवारी दहा वाजता आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचे चिटणीस तो न्यायला येणार होते आणि पुसून, कोरा करून देते असं मी त्यांना कबूल केलं होतं. असली कामं घरात माझ्याकडेच येतात. कुणी गेलं की कपडे कुणाला द्यायचे, चष्मा कुठे ठेवायचा, बँकेत कोण जाणार, हे बाकीचे डोळे पुसेपर्यंत माझं ठरलेलं असतं.

अण्णा म्हणजे माझे मोठे दीर, दत्तात्रेय. त्यांना जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. बातमी आली तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिसला निघाले होते आणि बस नुकतीच लांबलचक उड्डाणपुलावर चढली होती. नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "अण्णा गेले. कपात अर्धा चहा आहे अजून." त्या पुलावर मध्ये उतरायची सोय नाही. त्यामुळे पुढची पंधरा मिनिटं मी येलहंक्यापासून, अण्णांच्या घरापासून, वेगाने लांब लांब जात राहिले. दोन्ही बाजूंना घरांच्या गच्च्या, काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी… सगळं हलत होतं आणि कशालाच आवाज नव्हता. पूल संपल्यावर उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची बस पकडली.

आमच्या सासरची माणसं कैक पिढ्यांपूर्वी इकडे बेंगळुरूला आली आणि इथलीच झाली. मी लग्न होऊन पुण्याहून आले. पहिल्याच दिवशी अण्णा मला म्हणाले होते, "सुजाता, तुझं मराठी पुस्तकातलं. आमचं उन्हात रापलेलं. स्वल्प सांभाळून घे." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर कानाला यंत्र लावून बसल्याने त्यांचा उजवा कान गेला होता, डावा अर्धामुर्धा होता. स्वतः लग्न केलं नाही, पण समाजातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली. येलहंक्याच्या जुन्या भागात, एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मोठी बहीण सुंदराक्का राहायचे. अक्का फार लवकर विधवा होऊन परत आलेल्या. दोघं दिवसभर एकमेकांशी भांडायचे आणि एकमेकांशिवाय जेवायचे नाहीत.

स्थळ बघायची अण्णांची एक पद्धत होती. मुलाच्या घरी तीनदा जायचं. एकदा सकाळी, एकदा जेवणं झाल्यावर, आणि एकदा न सांगता. तिसरी भेट सगळ्यात महत्त्वाची. "न सांगता गेल्यावर जे घर दिसतं ना, मुलीला तेच मिळणार असतं," असं ते सांगत. वहीत डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली छत्तीसपैकी किती ते. अठरा जुळले की लग्न होतं, उरलेले अठरा संसारात बघायचे, हा त्यांचा हिशेब. मी अठ्ठावीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी करते, आणि खरं सांगायचं तर आमच्या कंपनीत याहून चांगली पद्धत मी बघितलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात अक्कांचं गाणं आलं. आमच्या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला न्हाऊ घालताना घरातल्या सर्वांत मोठ्या बाईने एक गाणं म्हणायचं असतं. चार कडवी, प्रत्येक कडव्यात एकेक पाणी. पहिलं विहिरीचं, दुसरं नदीचं, तिसरं केरेचं, म्हणजे तळ्याचं, आणि चौथं सासरच्या रांजणातलं. गाणं म्हणायचं न्हाणीघराचं दार लावून. वरून तांब्याने पाणी पडत असतं, मुलगी हुंदके देत असते, त्यामुळे ते कुणालाच धड ऐकू येत नाही. मोठी बाई आपल्यामागच्या बाईला कधीतरी निवांत शिकवते, एवढीच त्याची वाट. अक्कांच्या मागची बाई म्हणजे मी. माझं लग्नाचं न्हाण पुण्याला झालेलं आणि माझ्या मुलीने रजिस्टर लग्न केलं, त्यामुळे गाणं मी ऐकलेलंच नव्हतं. अक्का अधूनमधून म्हणायच्या, "सुजाता, बस स्वल्प, शिकून घे." मी म्हणायचे, "या रविवारी नको अक्का, कपड्यांचा ढीग पडलाय." कपड्यांचा ढीग खरंच पडलेला असायचा.

अण्णांनी ठरवलं की गाणं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. इथल्या शिवाजीनगरला बँडवाल्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक जुना माइक आणला. बसमधून येताना तो त्यांनी मुलाला घ्यावं तसा मांडीवर घेतला होता म्हणे. मग सॉफ्टवेअर. महागाचं परवडणार नव्हतं, आणि स्वस्तातली एवढी निघाली की अण्णांनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: स्थळं.

पहिलं स्थळ अगदी फुकट होतं, म्हणून त्याचं नाव फुकट्या. गुण: मागत काही नाही, जुन्या लॅपटॉपवरही पटकन उघडतो, आवाज दाखवतो तो नाडीसारखा डोळ्यांना दिसतो आणि कात्रीने कापावा तसा कापता येतो. दोष: मूळ आवाजावरच हात चालवतो. आज केलेला बदल आज मागे घेता येतो, पण एकदा बंद केलं की झालं ते झालं. दुसऱ्याचं नाव पाहुणा. साठ दिवस राहतो असं सांगून आला आणि साठ दिवसांनंतरही गेला नाही. रोज उघडताना फक्त नम्रपणे आठवण करायचा की आता माझं काहीतरी द्या. त्याची किंमत एकदाच द्यायची होती आणि तीही बेताची. शेवटी अण्णांनाच लाज वाटून त्यांनी ती दिली. गुण: मूळ आवाजाला हात लावत नाही, केलेले सगळे बदल वरून पांघरूण घातल्यासारखे, कधीही काढा. दोष: तोंडावर हसू नाही, पानभर बटणं, आणि आवाजाची फाइल आपण जरा इकडची तिकडे ठेवली की ओळख दाखवत नाही. तिसरा भाडेकरू, दर महिन्याला पैसे मागणारा. दिसायला सगळ्यात देखणा, शिकायला सगळ्यात सोपा, काम आपोआप दूर कुठेतरी जपून ठेवणारा. पण इंटरनेट गेलं की बसून राहायचा आणि पैसे थांबले की आपलीच गाणी आपल्याला काचेआडून दाखवायचा. अण्णांनी लिहिलं होतं, "हा जगातला पहिला भाडेकरू जो मालकाकडून भाडं घेतो." चौथं फोनमधलं, त्यात तयार ढोल आणि घुमणारा आवाज. त्यावर अक्कांनी स्वतःचं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "मी काय विहिरीत पडलेय काय रे?" ते स्थळ तिथेच मोडलं.

तिसरी भेट इथेही न सांगता व्हायची. अक्का गात असताना अण्णा हळूच लॅपटॉपची वायर काढायचे. बॅटरी तर केव्हाच मेलेली, त्यामुळे यंत्र जागच्या जागी बंद पडायचं. मग परत चालू करून बघायचं, कुणी किती वाचवलं. फुकट्या विचारायचा, मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं परत आणू का. पाहुणा जिथवर जपलं तिथवर बरोबर देऊन बाकीबद्दल हात वर करायचा. भाडेकरूने एकदा सगळं दिलं आणि एकदा काहीच दिलं नाही. "तऱ्हेवाईक," वहीत शेरा. अक्का चिडायच्या. "दत्तू, मी गाते आणि तू दिवा घालवतोस?" "तुझी नाही अक्का, त्याची परीक्षा आहे." "मग त्यालाच गायला सांग."

मी रविवारी जायचे. ती खोली अजून डोळ्यांसमोर येते ती बहुतेक अर्धवट झोपेतली असावी तशी. येलहंक्याला विमानतळ आहे हवाई दलाचा, आठ वाजले की शिकाऊ विमानं आकाश फाडत जातात. म्हणून सगळं सात वाजता. खिडकी लावलेली, पंखा बंद. भिंतीवरून आवाज परतून येऊ नये म्हणून अक्कांचं लुगड्यांचं कपाट सताड उघडलेलं, आणि त्या रंगीत घड्यांकडे पाठ करून अक्का पाटावर बसलेल्या. कपाटातून कापूर आणि जुन्या सुताचा वास यायचा. बंद काचेतून दुधासारखा उजेड. बोलायचं कुणी नाही. त्या अर्ध्या तासात मला नेहमी वाटायचं की घर पाण्याखाली गेलंय आणि आपण तिघं तळाशी बसलोय… आणि वर कुठेतरी बेंगळुरू चालू आहे.

गाण्याआधी अण्णा एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायचे. गोंगाट काढायचा असेल तर आधी या प्रोग्रॅमना नुसत्या गोंगाटाचा नमुना ऐकवावा लागतो. घड्याळ, लांबचा रस्ता, माइकची स्वतःची सूं. तेवढं ओळखून मग प्रोग्रॅम ते गाण्यातून वजा करतो. अण्णांना हा प्रकार इतका आवडला की ते प्रत्येक नमुना वेगळा जपून ठेवू लागले. खोली १, खोली २, खोली ३. वहीत नोंद: "सहा पंचावन्न. स्कूटर दोन. कुकर खालचा. विमान नाही." कुठल्या वेळेला खोली जास्त शांत असते ते त्यांना शोधून काढायचं होतं. शेजारचे विचारायचे, रोज सकाळी काय करता? अण्णा म्हणायचे, "काही नाही. तेच रेकॉर्ड करतो."

एकच अडचण होती, अक्कांना एक मिनिट गप्प बसता येत नसे. ओठ हलत राहायचे. आम्ही समजायचो, जप चाललाय.

सतराव्या सकाळी गाणं चारही कडव्यांसह नीट आलं. अण्णांचा अर्धा कान सुद्धा तृप्त झाला. फुकट्यावर घेतलं होतं, कारण त्या दिवशी पाहुणा माइक ओळखेना. पण चौथ्या कडव्यात लांबून एक विमान आलं होतं. मी म्हटलं, "द्या इकडे, दहा मिनिटांत साफ करते." नमुना दिला, गोंगाट काढायचा काटा शेवटपर्यंत सरकवला, कारण करायचं तर पुरतं करायचं हा माझा स्वभाव. त्याच नावाने फाइल ठेवली. त्या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का, असं विचारलं गेलं. मी हो म्हटलं. मग मधला पसारा नको म्हणून बाकीचंही उडवलं आणि प्रोग्रॅम बंद केला. त्यानंतर आम्ही ऐकलं.

विमान गेलं होतं. अक्काही गेल्या होत्या. उरलं होतं ते काचेच्या बरणीत बुडबुडे यावेत तसलं काहीतरी. चाल कळत होती, शब्द एक नाही. मी, जी दिवसभर दुसऱ्यांना विचारते की मूळ प्रत ठेवली होती का…

अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच्याच. "जाऊ दे," म्हणाले. "पुढच्या रविवारी परत घेऊ. अक्का काय कुठे जातेय?"

पुढच्या रविवारी तिसऱ्या कडव्याच्या जागी दुसरं कडवंच परत आलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. अक्का हसल्या, मग थांबल्या, मग खिडकीकडे बघत राहिल्या. "केरेचं पाणी… केरेचं पाणी…" एवढंच. डॉक्टरांनी पुढे त्याला एक नाव दिलं. वर्षभरात दुसरं कडवंही गेलं; पहिलं आणि चौथं तेवढी राहिली. पुढे खोलीचे नमुने घेणं थांबलं, तरी अण्णा रोज सकाळी कपाट उघडून बसत राहिले, कधीतरी येईल म्हणून. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. त्यांनी बोलावं असं मला फार वाटायचं. मग मी रविवारी जाणं कमी केलं. कामं होती, असं मी तेव्हा सांगायचे.

अण्णा गेल्यावर मी अक्कांच्या सोबतीला तिथेच राहिले आणि आम्ही त्यांना समजावून सांगितलं. त्यांना समजलं. पण रोज सकाळी त्या एक प्रश्न विचारू लागल्या. "दत्तू गेला, सरी. पण माझं गाणं कुठे ठेवून गेला?" सरी म्हणजे बरं, ठीक. मी रोज म्हणायचे, शोधते.

तर त्या रविवारी दुपारी मी शोधलं. अण्णांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीवर बसून. पलीकडे अक्का झोपल्या होत्या. लॅपटॉप बघितला, पेनड्राइव्ह बघितले, फोन बघितला, पाहुण्याची आणि भाडेकरूची कपाटं उलटीपालटी केली. ते बुडबुड्यांचं गाणं सापडलं, त्याची मूळ प्रत कुठेही नव्हती. आता पुसायला हरकत नव्हती. उरलं होतं ते 'खोली' नावाचं दालन, एक्केचाळीस फाइली, प्रत्येकी एक मिनिट, आत काही नाही. पण नावावरून फाइल रिकामी धरायची नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. हेडफोन घातले, आवाज जेवढा वाढतो तेवढा वाढवला आणि एकापासून सुरुवात केली.

खोली १. घड्याळ. सूं. कुणीतरी श्वास घेतंय, डाव्या बाजूला, संथ. अण्णा. खोली २. तेच घड्याळ, खालच्या घरी कुकरची शिटी, खुर्ची करकरली. खोली ५ मध्ये पाऊस असावा, किंवा नळ. खोली ९ मध्ये अण्णांचं पोट वाजलं. दुपार हळूहळू कानात उतरत गेली. बाहेर ऊन होतं आणि आत तीन वर्षांपूर्वीच्या सकाळी एकामागून एक लागत होत्या, प्रत्येकीत तोच माणूस काहीही न करता बसलेला. आयुष्यभर जो काही ना काही जुळवत असायचा तो. मला वाटतं मध्ये माझा डोळाही लागला. पण घड्याळ ऐकू येत होतं, म्हणजे लागला नसावा…

खोली १७. "अक्का, गप्प ना स्वल्प. खोलीचा आवाज घेतोय."

"मग मी खोलीतली नाही काय रे?"

अण्णांचं हसणं, नाकातल्या नाकात. मग घड्याळ. आणि मग घड्याळाच्या खालून, अगदी तळाशी, पुटपुटणं. मी हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबले. जप नव्हता. अक्का घाबरल्या होत्या, गाताना विसरू म्हणून आधी मनातल्या मनात म्हणून बघत होत्या, आणि बघत होत्या तेच कडवं ज्याची त्यांना खात्री नव्हती.

"केरेचं पाणी गार गं बाई, केरेला कुठलं दार गं नाही…"

पूर्ण कडवं होतं. आणि ते संपल्यावर, मिनिट भरायला अजून वेळ होता म्हणून, दुसरं.

तेव्हा मला त्या बुडबुड्यांचंही कळलं. फुकट्याला आम्ही गोंगाट म्हणून जे ऐकवलं त्यात अक्काच होत्या. त्याने प्रामाणिकपणे त्यांना ओळखलं आणि गाण्यातून वजा केलं. काटा मी शेवटपर्यंत सरकवला ही माझी चूक आहेच, ती काही कमी होत नाही. वहीत त्या तारखेला अण्णांच्या अक्षरात होतं: "खोली १७. सहा पन्नास. विमान नाही. अक्का जप करत होती, पुन्हा थांबवलं नाही." त्यांच्या कानाला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. तीन वर्षं ज्यासाठी कपाट उघडून बसले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने नाव घालून ठेवलं होतं. मी वही मिटली. मग उठून तोंड धुतलं आणि त्या फाइलच्या तीन ठिकाणी तीन प्रती केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला लॅपटॉप घेऊन अक्कांच्या खोलीत गेले. खिडकी लावली, पंखा बंद केला. लुगड्यांचं कपाट का उघडलं ते सांगता येणार नाही, नुसतं ऐकायचं असताना त्याची गरज नव्हती. अक्का पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी उघडं कपाट बघितलं, लॅपटॉप बघितला, पाय खाली सोडले, हात मांडीवर ठेवले. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

"आधी खोलीचा आवाज."

म्हणून आम्ही दोघी बसलो. घड्याळ. खालचा कुकर. एक स्कूटर. अक्कांचे ओठ बंद होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मिनिटभर खरोखर गप्प बसल्या, आणि डाव्या बाजूची खुर्ची रिकामी होती ती मला ऐकू येत होती.

मग मी सतरा नंबर लावला. अक्कांनी मान वाकडी करून ऐकलं. अण्णांच्या हसण्यापाशी त्या हसल्या. कडवं संपल्यावर विचारलं, "हे कोण म्हणतंय?"

"तुम्ही, अक्का."

"सरी." त्या माझ्याकडे वळल्या. "मग आता तू म्हण."

कपड्यांचा ढीग घरी होताच. मी माइक जोडला आणि म्हटलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा अक्कांनी मांडीवर ठेका धरला. चौथ्या कडव्यात आठचं विमान आलं, आम्ही थांबलो नाही. चिटणिसांना फोन करून सांगितलं की लॅपटॉप मिळणार नाही, दुसरा बघून देते. फाइलला नाव दिलं खोली ४२. गोंगाट काढला नाही.